सरव्याची राणी टॅबिथा

इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या एका खेड्यात टॅबिथा फेनला सगळे ‘राणी’ म्हणत. राज्य कसलं, तर सरवा वेचणाऱ्या बायकांचं! गहू कापून नेला की खाली सांडलेल्या ओंब्या गरिबांच्या. पण राणीनं बांधावरून घंटा वाजवल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. आणि मालकाची एक जरी पेंढी शेतात उभी असली, तरी घंटा वाजायची नाही. ती पेंढी म्हणजे राखणदार. बावीस वर्षं टॅबिथानं हा कायदा राखला. एकदा सख्खी बहीण आधी शिरली, तर तिची भरलेली ओटी भर शेतात रिकामी केली. बहीण दोन नाताळ बोलली नाही!

१८१६ साली मात्र उन्हाळा आलाच नाही. पाऊस, धुकं, परत पाऊस. ऑक्टोबर अर्धा सरला तरी हॉबडे मालकाच्या थोरल्या वावरात एक पेंढी उभीच. खालच्या ओंब्यांना मोड फुटायला लागले. त्यावरच तर बायकांचा हिवाळा निघायचा.

“काय गं राणी,” शेजारीण ड्रुसिला कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “लेकरांना तुझा कायदाच शिजवून घालू का?”

बायका हसल्या, पण चौघी फाटकाकडे सरकल्याही. एकदा हिसकाहिसकी सुरू झाली, की म्हाताऱ्या नि लेकुरवाळ्यांच्या हाती काय लागणार? टॅबिथा तडक मालकाकडे गेली.

“मालक, पेंढी हलवा.”

“अगं, ओली पेंढी गंजीत घातली तर सगळी गंजी नासेल. वाळू दे.”

“कधी वाळणार? तुमच्या नातवाच्या लग्नात?”

“मग ठेवू कुठे?”

“ते मी बघते. तुम्ही फक्त फाटकापर्यंत आणा. मला आत पाय टाकता येत नाही.”

हॉबडे हसत हसत चिखल तुडवत गेला. टॅबिथानं पेंढी खांद्यावर घेतली, निथळत निथळत थेट त्याच्या स्वयंपाकघरात नेली, आणि चुलीपुढच्या त्याच्याच खुर्चीत बसवली!

“अगं माझी फरशी!” हॉबडेबाई ओरडल्या.

“आलेच बाई पुसायला. तोवर राखणदाराला शेकू द्या, गारठलाय बिचारा.”

तिनं धावत जाऊन घंटा वाजवली, आणि बोलल्याप्रमाणे फरशी पुसायला परतली. वावरात पोचली तेव्हा चांगल्या जागा वेचून झालेल्या. पण कुंपणाकडेला ड्रुसिला हात पसरून उभी होती.

“ये लवकर! एवढा पट्टा तुझा. केव्हाची भांडतेय मी सगळ्यांशी.”

टॅबिथा वाकून वेचायला लागली. मोड फुटलेला का होईना, गहू होता.