मोठ्या विमानामागचं वारं

मी पडेगावची, माझी मैत्रीण फुलंब्रीजवळच्या मेंढपाळाच्या घरातली. घरापासून लांब, एका लष्करी विमानतळावर आम्ही दोघी लहान विमानं चालवायला शिकत होतो. तिथं लष्कराची विमानं आधी, आमच्या फ्लाइंग क्लबची नंतर. कितीदा तरी इंजिन सुरू ठेवून, घामानं निथळत परवानगीची वाट बघायची. खोलीवर आलं की मात्र आमचं गावाकडचं "लई" आणि "व्हय" मोकळं व्हायचं.

त्या दिवशी ती एकटी उडत होती. मी खाली, धावपट्टीच्या कडेला माझ्या विमानात, कानाला रेडिओ. तिच्यापुढं एक अवजड मालवाहू विमान उतरत होतं. कंट्रोल टॉवरनं तिला अंतर ठेवायला सांगितलं. तिनं ते परत म्हणून दाखवलं, आवाज रोजच्यासारखाच. मोठ्या विमानामागं हवेत भोवरे राहतात आणि ते दिसत नाहीत, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं. तिचं विमान खाली येता येता एक पंख अचानक खचला. ते उलटं होऊन पडलं. टॉवर तिला हाका मारत राहिला. शिक्षकांनी येऊन माझा पट्टा सोडला.

तिचा देह गावी नेला तेव्हा मी बरोबर होते. अंत्यविधी उरकले. मग तिच्या वडिलांनी मला गोठ्यामागं नेलं.

"इमान कशाला धडकलं, पोरी?"

"कशालाच नाय, काका. पुढच्या विमानाचं वारं लागलं."

"आभाळ तर साफ होतं म्हणत्यात."

"व्हय."

त्यांनी आवाज खाली आणला. "कुणी गप बसायला सांगितलं आसंल तर मला सांग. मी कुठं बोलणार नाय."

मी पुन्हा समजावलं, हातानं करून दाखवलं. त्यांना पटलं नाही.

माझ्या आईनं मला जाऊ नको म्हटलं नाही. पिशवी भरताना रडली फक्त. मी परत गेले. पुढं मोठं विमान दिसलं की सांगितल्यापेक्षा जास्त अंतर ठेवायचे, पण शिकले, परवाना मिळवला.

सुट्टीत मी फुलंब्रीला जाते. तिची आई चहा करते. वडील दर खेपेला विचारायचे, खरं काय झालं होतं. मी तेच सांगायचे. यंदा त्यांनी विचारलं नाही. मी निघाले तेव्हा ते मेंढ्यांकडं तोंड करून बसले होते. मी हाक मारली, पण ते वळले नाहीत.