डोळ्यातल्या पाण्याइतकं खारट

नवस ही गोष्ट मला कधी नीट उमगलीच नाही. हट्टा गावात सून म्हणून आले आणि पाच वर्षांत माझी दोन लेकरं गेली. एक दहा दिवसांचं, एक चार महिन्यांचं. त्यानंतर औंढ्याच्या नागनाथापुढे माझे हात जुळत, मन काही जुळत नसे. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी मला न विचारताच नवस बोलून टाकला. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. नवस असा की, पोरगी सहा महिन्यांची झाली की सव्वा महिना त्यांनी स्वतः मिठाचा कण तोंडात घ्यायचा नाही आणि मग पायी औंढ्याला जाऊन तिला पिंडीपुढे ठेवायचं. मला रागच आला. माझ्या लेकीच्या जिवाचा आणि आत्याबाईंच्या मिठाचा काय संबंध, असं मनात आलं. पण बोलले नाही, कारण रागाच्या खाली भीती होती.

आत्याबाई म्हणजे मिठाच्या किती शौकीन, हे मला विचारा. कैरीची फोड खाताना तळहातावर मीठ घेऊन शेवटी तळहातही चाटून काढायच्या. त्यांच्यासाठी अळणी भाकरी आणि अळणी वरण मी वेगळं रांधायची, आणि आमचं जेवण मागच्या पडवीत उरकायची, म्हणजे ठेच्याचा वास त्यांच्यापर्यंत जायला नको. त्या हसायच्या. "मला काय लेकरू समजून राहिलीस का गं?" म्हणायच्या. आमच्या दोघींचं असंच होतं. भांडणही व्हायचं, पण ते ताटावर बसेपर्यंत टिकत नसे. त्या वर्षी चैत्राचं ऊन फार कडक होतं. महिना उलटला तशा त्या गळू लागल्या, पिंढऱ्यांत गोळे यायला लागले. शेजारची गयाबाई म्हणाली, व्रत कसोटी बघतं. मी पाय चेपून द्यायची.

सव्वा महिना संपला त्या सोमवारी आम्ही तांबडं फुटताना निघालो. आत्याबाई, गयाबाई, मी आणि माझ्या कडेवर मुलगी. पूजेचा तांब्या, पळी आणि नैवेद्याचा गूळ माझ्या पिशवीत होता. घरधनी हळद शिजवायच्या गडबडीत होते, म्हणून ते मागून गाडी घेऊन येणार होते. एक गोष्ट आत्याबाईंनी आमच्यापासून लपवली होती. दोन दिवस त्यांचं पोट चाललं होतं. आमच्याकडे पोट चाललं की पाणी तोडतात, तसं त्यांनी घरी पाणी तोडलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

तीन कोसांवर त्या बसल्या त्या उठेचनात. एका मोठ्या चिंचेखाली त्यांना आडवं केलं. जीभ कोरडी पडली होती, डोळे आत गेले होते. तेव्हा कुठे पोटाचं सांगितलं. मी घाबरले आणि शेजारच्या विहिरीचं पाणी तांब्यामागून तांब्या पाजत सुटले. दोनदा ते सगळं उलटून पडलं. मग त्या भलतंच बोलू लागल्या. मला आपल्या माहेरच्या आईच्या नावाने हाक मारली, भाकरी करपली म्हणून रागावल्या, डोलायला लागल्या. गयाबाईने हात जोडले, कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाली, "वारं आलं गं माय! नागनाथ अंगात आला. विचार, तुझ्या लेकराचं काय ते विचार!" आता लाज वाटते, पण मी खरंच विचारलं. समोरचं माणूस जात होतं आणि मी त्याला माझ्या लेकीचं भविष्य विचारत होते.

तेवढ्यात मेंढरं सावलीला आली आणि त्यांच्यामागून एक म्हातारी धनगरीण. काठीवर हनुवटी टेकून तिने आमचा तमाशा घटकाभर पाहिला. मग म्हणाली, "देव आला म्हंता, पर देवाच्या पिंढरीला गोळे येत्यात व्हय?" ती खाली बसली. आत्याबाईंच्या हातावरचं कातडं चिमटीत धरून तिने सोडलं. ते तसंच उभं राहिलं. "हे बघ. माझं मेंढरू हगवणीला लागलं की बराबर आसंच होतंय. हिच्यातलं पाणी गेलं, मीठ बी गेलं. नुस्तं पाणी काहून वतून राहिलीस?" कमरेच्या चंचीतून तिने मेंढरांना चाटवायच्या मिठाचा खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "गूळ हाय का? पाण्यात हे आन गूळ घाल. डोळ्यातल्या पाण्याइतकंच खारट कर, जास्त न्हाई."

गयाबाई ओरडली. औंढा दोन कोसांवर आहे, पिंडीपुढे लेकरू ठेवल्याशिवाय नवस फिटत नाही, मोडलास तर लेकरावर उलटेल. धनगरीण वाद घालायला बसली नाही. "मी सांगितलं. पाजायचं का न्हाई ते तुमी बघा," एवढंच म्हणाली.

माझ्या एका हातात मिठाचा खडा होता आणि कडेवर मुलगी. ती त्या खड्याकडे हात लांबवत होती. मला माझी दोन्ही लेकरं आठवली, त्यांची इवली झबली आठवली. आत्याबाईंना वाचवायला जावं आणि हीही जावी, तर? असा विचार मी केला, हे लपवत नाही. मग आत्याबाईंच्या ओठांकडे नजर गेली. भेगा पडलेले ते ओठ माझ्याच लेकीसाठी सव्वा महिना अळणी राहिले होते. "नागनाथा," मी म्हणाले, "मला काही कळत नाही. मोडते आहे ती मी. घ्यायचं ते माझ्याकडून घे, या दोघींना हात लावू नकोस." तेवढं बोलले आणि मन एकदम हलकं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी देवाशी खरं बोलले होते.

नैवेद्याचा गूळ पूजेच्या तांब्यात विरघळवला आणि मिठाचा खडा त्यात थोडा थोडा ढवळला. खारटपणाचं माप शोधावं लागलं नाही, डोळ्यांतलं पाणी ओठांपर्यंत आलंच होतं. "पळी पळीनं पाज, न्हाईतर उलटंल," धनगरीण म्हणाली. तीर्थाच्या पळीने मी पाजत राहिले. मुलगी धनगरणीच्या मांडीवर झोपली. ऊन कलेपर्यंत दोन तांबे गेले. धनगरीण मधूनच विचारायची, "लघवीला झाली का?" झाली, तेव्हा ती उठली आणि लुगडं झटकलं. "आता भ्याव न्हाई." आत्याबाईंनी मला माझ्या नावाने हाक मारली. मी त्यांच्याकडे वळले, आणि पुन्हा मागे पाहिलं तेव्हा मेंढरांची धूळ पार उताराला लागली होती.

आत्याबाई का बरळल्या आणि मिठाने कशा सावरल्या, ते मला पुढे त्याच मुलीने सांगितलं. ती दवाखान्यात नर्स झाली. जुलाबात पाणी आणि मीठ दोन्ही जातं, वरून नुसतं पाणी ओतलं तर उरलंसुरलं मीठही पातळ होतं आणि माणूस बरळतं, असं ती म्हणाली. तिचं खरंच असणार. गयाबाई मात्र मरेपर्यंत सांगायची की ती धनगरीण म्हणजे पार्वती होती. मी कुणाशीच वाद घालत नाही. तिच्या हाताला मेंढरांचा वास होता, एवढं मला आठवतं.

संध्याकाळी घरधनी गाडी घेऊन आले. मी आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लई दिवसानं ग्वाड लागलं बघ," आणि मुलीला छातीशी धरून रडायला लागल्या. चार दिवस औंढ्यात एका ओळखीच्या घरी काढून, त्या चालू लागल्यावर आम्ही देवळात गेलो. नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं, आणि खाली दोन बायका बसल्या की एकीचं कुजबुजणं दुसरीला ऐकू येतंच. मी मुलीला पिंडीपुढे ठेवलं आणि कबुली द्यायला तोंड उघडणार, तोच शेजारून आत्याबाईंचा आवाज आला. "देवा, मीठ म्याच मागून खाल्लं. माझ्या सुनेचं कायबी चुकलं न्हाई. तिच्यावर रागावू नको."

आयुष्यात त्या देवापुढे एवढंच एक खोटं बोलल्या असतील. तिथेच मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मला वाटतं, नागनाथाने आम्हा दोघींचंही ऐकलं. त्यानंतर मी नवस कधी बोलले नाही. जे येईल ते त्याच्या हातून घ्यायचं, एवढंच ठरवलं. दर चैत्रात औंढ्याला जाताना त्या चिंचेखाली खड्यांचं मीठ ठेवते. आत्याबाई होत्या तोवर, ठेवण्याआधी त्यातला एक खडा त्या स्वतः तोंडात टाकायच्या. आता तो मी टाकते.