बबनआण्णांच्या मरणाचा तपास

पालीचे बबनआण्णा कुणी नुसतं म्हटलं तरी मरून दाखवत. चहाचा कप खाली ठेवायचा, ओट्यावर आडवं व्हायचं, एक हात लोंबता सोडायचा. माशी नाकावर बसली तरी पापणी हलत नसे. राजगडावर निघालेली ट्रेकर मंडळी हे पाहून घाबरत आणि आण्णा उठून त्यांना उरलेला चहा विचारत.

आमच्या भागात शूटिंगं होतात. आण्णा त्यांना शेळ्या पुरवत आणि शेळ्यांबरोबर स्वतःलाही. लढाईनंतर पडलेल्या माणसांत ते तीनदा पडले होते. "जित्या मानसाला लई कामं सांगत्यात. मेलेल्याला कुनी हात लावत न्हाई," असं त्यांचं मत होतं.

मी तेव्हा वेल्ह्याला कचेरीत कारकून होतो आणि फावल्या वेळात सिनेसृष्टीतल्या खुनांच्या कथा लिहीत असे. गॉगलवाला निर्माता, ओला रस्ता, मेकअपच्या खोलीत पडलेली नायिका, आणि कोपऱ्यात सिगारेट ओढणारा, जगाला विटलेला तपास अधिकारी. स्टुडिओ मी एकदाच पाहिला होता, तोही फाटकाबाहेरून. सिगारेटच्या वासानं मला धाप लागते. तरीही 'झगमगाटामागचा अंधार वाचकाला का खेचतो' या विषयावर मी भोरच्या वाचनालयात पाऊण तास बोललो होतो. अकरा श्रोते होते. त्यातले दोघे वाचनालय बंद करायला थांबले होते.

एका सकाळी आण्णा कचेरीत आले आणि माझ्या टेबलाशी उभे राहिले.

"भाऊसाहेब, तुमी पिच्चरवाल्यांचं खून शोधून काडता म्हनं. माजा बी शोधा."

प्रकरण असं होतं. नव्या सिनेमात कॅमेरा आण्णांच्या चेहऱ्याजवळ येऊन थांबणार होता. तसं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी सगळ्या पालीला. दोन टेम्पो भरून माणसं पुण्याला सिनेमा बघायला गेली. पडद्यावर गाव जळालं, माणसं पडली. आण्णा कुठेच नव्हते. परतीच्या वाटेवर आण्णांची बायको, आमच्या काकू, सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमी मेल्यालं बी कुनाला दिसलं न्हाई." तेव्हापासून आण्णा पारावर बसत नव्हते.

"माजा सीन कुनी कापला, त्याचं नाव पायजे," आण्णा म्हणाले. "गावाला सांगाया."

मी गंभीर चेहऱ्यानं वही काढली. पुढचे तीन आठवडे मी माझ्याच कथेतला अधिकारी होतो. फोन लावले, ते उचलले गेले नाहीत. उपनायकाला आण्णांचा मत्सर वाटला असावा, असा एक संशय मी वहीत चक्क लिहून ठेवला होता. शेवटी भोरचा, शूटिंगला माणसं पुरवणारा एकजण भेटला. प्रश्न ऐकून तो हसतच सुटला.

"अहो, कॅमेरा तोंडावर आणला आणि मेलेला माणूस जिभेनं टकटक करायला लागला. मागं चरणाऱ्या सगळ्या शेळ्या वळल्या आणि त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. एक तर त्याचं तोंड चाटत होती. कुठं वापरायचा तो सीन?"

खुनी सापडला होता, आणि तो माझा अशीलच होता. असा शेवट मी स्वतः दोन कथांत वापरला होता आणि दोन्ही वेळा स्वतःवर खूश झालो होतो. आता एसटीनं पालीला जाताना मात्र मला तो सांगवेना. ओट्यावर बसून मी म्हणालो, "आण्णा, सिनेमा लांबला होता. मुंबईच्या माणसानं कात्री लावली. तुमचं काही चुकलं नाही."

आण्णा शांतपणे तंबाखू मळत होते.

"भाऊसाहेब, लिवताना बरं जमतं, बोलताना न्हाई जमत तुमाला खोटं. म्या जीब वाजवली व्हती."

"मग मला तीन आठवडे का फिरवलंत?"

"जीब वाजवली कारन मागं शेळ्या दगडूच्या हरभऱ्यात शिरत व्हत्या. पिच्चर म्हयन्याभरात निगून जातो, दगडू जल्माचा शेजारी." त्यांनी चिमूट तोंडात टाकली. "आन तुमच्या गोष्टी म्या नातीकडनं वाचून घेतो. त्यात मानूस मेला की कुनीतरी इच्चारत फिरतं, कोन व्हता, कसा गेला. लई बरं वाटतं ऐकाया. शूटिंगात आमी धाजन मरतो, सांजच्याला कुनी नाव बी इच्चारत न्हाई. म्हनलं, माजं बी कुनी इच्चारतंय का बगावं."

माझ्या पाऊण तासाच्या भाषणात हे एक वाक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पारावर जाऊन खरी हकीकत सांगितली. गाव पोट धरून हसलं. दगडू तेवढा हसला नाही. तो उठला आणि आण्णांना हाताला धरून पारावर घेऊन आला.

गेल्या हिवाळ्यात आण्णा खरोखर गेले. मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात घोंगडीवर ठेवलं होतं. गर्दीत कुणाच्या तरी हातून शेळ्या सुटल्या आणि सरळ दगडूच्या हरभऱ्यात शिरल्या. कुणी हाकायला धावलं नाही. अंगणातले आम्ही सगळे आण्णांच्या तोंडाकडे बघत उभे होतो.

ओठ हलले नाहीत.

बऱ्याच वेळानं एकजण शेळ्यांकडे निघाला, तर दगडूनं त्याचा हात धरला. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. खाऊ दे आज."