खरी गंमत पुढेच

नसलेली हॅट दोन्ही हातांनी डोक्यावर बसवत ते म्हणायचे, "थांबा सिस्टर, खरी गंमत पुढेच आहे!"

रत्नागिरीकडचे हे चाचा इथे आखातात, खैतानला, आमच्या वरच्या मजल्यावर राहत आणि माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढत. त्यांचे वडील इथल्या इंग्रज साहेबांच्या क्लबात सिनेमे दाखवायचे. मायदेशी निघालेल्या एका साहेबाने त्यांना एक जुनाट विनोदी बोलपट देऊन टाकला, पत्र्याच्या डब्यासकट. दाखवायचं मशीन केव्हाच मोडलं. म्हणून दर शुक्रवारी जेवणाआधी चाचाच आमच्याकडे येऊन तो सिनेमा करून दाखवत. जाडा साहेब, चिडकी मडम, बदकामागे धावणारा बटलर, सगळे तेच व्हायचे. बदकही तेच.

शेवट जवळ आला की माझा कुकर शिट्टी द्यायचा आणि मी उठायची. खरं सांगू? शिट्टी नाही झाली तरी उठायची.

एका उन्हाळ्यात ते दोन महिने गावी निघाले. "माझा एसी बंद राहणार, फिल्म उकाड्यात खराब होईल. डबा तुमच्याकडे ठेवता? अब्बांची तेवढीच निशाणी आहे." मी ठेवला, लोणच्याच्या बरण्यांशेजारी.

तेव्हा बाईसाहेब, म्हणजे मीच, पस्तिशीच्या. युनिफॉर्मला कडक इस्त्री, नाकाला त्याहून कडक. आठवड्यात कपाटातून आंबूस वास सुटला. बरण्या हुंगल्या, लोणचं ठणठणीत. वास डब्याचा! 'फिल्म कुजली' असं निदान करून मी डबा खालच्या कचरापेटीत टाकला आणि दोनदा हात धुतले. झाली ड्यूटी!

चाचा परतले. "डबा बरा आहे ना?"

"थंडगार आहे," मी म्हणाले. पुढची अकरा वर्षं हेच म्हणाले.

निवृत्त होऊन ते कायमचे निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. बंद कपाटाकडे थोडा वेळ बघत राहिले. "डबा राहू दे तुमच्याकडेच. गावची हवा दमट." माझ्याकडे मात्र बघितलं नाही. चहाही घेतला नाही.

चार वर्षांपूर्वी ते गेल्याचं कळलं. परवा डब्यावरचं सिनेमाचं नाव मी नातीला सांगितलं. तिने फोनवर शोधलं.

"आजी, इट्स लॉस्ट! जगात कुठेच कॉपी नाहीये. लोक अजून शोधतायत."

मी उठले. नसलेली हॅट चढवली. साहेब केला, मडम केली, गुडघे कुरकुरले तरी बदक केलं. नात हसून लोळली.

"देन व्हॉट, आजी? पुढे?"

हॅट धरून मी तशीच उभी. पुढचं मला कुठे ठाऊक होतं?