डब्यातलं पिवळं चीज

आमच्या घरात चीजचा शौक एकट्या मलाच. मुलगी पुण्याहून येताना तऱ्हेतऱ्हेचं आणते. पिझ्झ्यावरचं तार सुटणारं मला मिळमिळीत वाटतं, नुसतं चघळत राहायचं. एकदा तिनं निळ्या बुरशीचं आणलं. बायकोनं वास घेतला आणि ते थेट गच्चीत नेऊन ठेवलं. मी वर जाऊन गुपचूप चाखलं, वाईट नव्हतं. पण जीव आहे तो डब्यातल्या खारट, पिवळ्या चीजवर. गरम ज्वारीच्या भाकरीवर जाड काप ठेवायचा, कडा मऊ पडल्या की वर लाल मिरचीचा ठेचा. फक्त ते खाताना समोर कुणी बसलेलं मला चालत नाही. त्याचं कारण मी घरात कधी सांगितलेलं नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी कंधारचा, बावीस वर्षांचा, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो. दोन कारकुनांत एक टेबल, आणि त्यात दुष्काळ. रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून पाण्यासाठी अर्ज यायचे. अशात मुंबईहून पाहणीला पथक येणार असं कळलं. त्यातल्या एका साहेबांना तिखट चालत नव्हतं. आमचे मोठे साहेब म्हणाले, "चीज सँडविच ठेवा." मी रविवारी घरी जाणारच होतो, म्हणून चीज आणायचं माझ्याकडं आलं. कंधारहून पुढं नांदेडला जाऊन तिथल्या एका दुकानातून मी दोन डबे घेतले. नीट आहे का बघावं म्हणून आदल्या दिवशी एका डब्यातला कोपरा कापून तोंडात टाकला. असली चव मला माहीतच नव्हती. आधी खारट, मग दाट सायीसारखं, मग जिभेवर बराच वेळ राहणारं. त्या दिवशी मी तीनदा कोपरा कापला.

पथक जळकोटच्या बाजूला रोजगार हमीच्या कामावर गेलं. पाझर तलावाचं खोदकाम चाललं होतं. साहेबलोकांनी जीपमधूनच बांध पाहिला, दोघा-तिघांशी बोलले आणि ऊन फार म्हणून जेवायला विश्रामगृहाकडं निघून गेले. सँडविचची टोपली त्यांच्याबरोबर गेली. मागच्या जीपची वाट बघत मी लिंबाखाली थांबलो. पिशवीत उघडलेला डबा होता, सँडविचं करून त्यात तळहाताएवढा तुकडा उरला होता.

कामावर पाणी वाटायला एक म्हातारी होती. पत्र्याच्या पिंपातून तांब्यानं पाणी घेऊन ती बायामाणसांच्या ओंजळीत ओतत फिरायची. मोजून, एकेकाला अर्धा तांब्या. सकाळी मी आलो तेव्हा तिनं मला पूर्ण तांब्या दिला होता. "पी लेकरा, तोंड लई सुकलंय तुझं," म्हणाली होती.

मी लिंबाच्या बुंध्याआड बसून तो तुकडा खात होतो. मागून ती कधी आली कळलंच नाही.

"काय हाय रं ते, पिवळं?"

तोंड भरलेलं होतं. मी डब्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "साबण हाय, मावशी."

का म्हणालो, याची कारणं मी पुढं पुष्कळ शोधली. चीज म्हणजे काय हे तिला कुठं समजणार होतं. एकीला दिलं तर ऐंशी जणांना काय देणार होतो. यातलं काहीही त्या वेळी मनात नव्हतं. मला ते सगळं मीच खायचं होतं, एवढंच.

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्या हनुवटीला तुकडा चिकटला होता, तो मला मागाहून हाताला लागला. पलीकडं माती भरणाऱ्या दोघी थांबल्या. एकीनं विचारलं, "काय खायलेत गं सायब?"

"काय न्हाई," म्हातारी म्हणाली. "जेवू द्या त्यास्नी. कुणाच्या तोंडाकडं बघू नका." मग तिनं तांब्या माझ्यापुढं धरला. "घ्या सायब. कोरडं गिळवत नसंल."

सकाळी मी लेकरू होतो. आता सायब झालो होतो.

मी पाणी प्यायलो. पूर्ण तांब्या. नको म्हणायचंही सुचलं नाही. जीप आली, मी बसलो आणि मागं वळून पाहिलं नाही.

पुढं बारा दिवस त्या कामाचा कागद टेबलावर आला की मी तो दुसऱ्याकडं सरकवायचो. शेवटी सुट्टीच्या दिवशी सँडविचला न लागलेला दुसरा, न उघडलेला डबा पिशवीत घातला आणि एसटीनं गेलो. म्हातारी नव्हती. पिंपाजवळ दुसरी बाई होती. हजेरी घेणारा म्हणाला, "ती गेली की मुरुडला, लेकीकडं. पाय सुजले होते तिचे." मी तिचं नावही विचारलं नव्हतं, लातूरच्या पलीकडच्या मुरुडसारख्या मोठ्या गावात शोधणार कसं? डबा तिथल्या बायांत वाटून यावं, एवढं तरी करता आलं असतं. पण सगळ्यांसमोर तो उघडायचा आणि हे काय ते सांगायचं, हे मला जमणार नव्हतं. डबा घेऊन तसाच परत निघालो.

परतीच्या एसटीत भूक लागली. मी डबा उघडला. शेजारी धोतरातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी वाकून पाहिलं.

"काय हाय ओ हे?"

"चीज हाय, काका. दुधाचं असतं. खाऊन बघा."

त्यांनी चिमूटभर घेतलं, तोंड वाकडं केलं, हसले आणि म्हणाले, "खारट हाय लई. तुमीच खा."

पुढं ते खिडकीबाहेर बघत बसले. मी डबा मांडीवर धरून बसलो होतो. सांगायला एवढेच शब्द लागले होते. आणि तरीही, लातूर येईपर्यंत अर्धा डबा मी संपवला. तो मला आवडलाही.