हातगुणे आणि डावा दिवा

तीन फेब्रुवारीला एका स्विचचे अठरा हजार सहाशे चाळीस रुपये चुकते झाले. स्विच अंगठ्याएवढा. लहान विमानाचे चाकांचे पाय उड्डाणानंतर पोटात दुमडतात आणि उतरण्याआधी बाहेर येतात. पाय बाहेर येऊन पक्का अडकला की हा स्विच दाबला जातो आणि वैमानिकासमोर हिरवा दिवा लागतो. तीन पाय, तीन स्विच, तीन दिवे. या विमानाचा डावा दिवा अधूनमधून लागत नव्हता. स्विच बदलला, दिवा लागला, सगळ्यांनी चहा घेतला. पंधरवडा गेला आणि दिवा पुन्हा रुसला.

स्विच बदलणारा माणूस हँगरचा जुना इलेक्ट्रिशियन. त्याचे खरे आडनाव पगारपत्रकापुरतेच उरले होते. सगळे त्याला हातगुणे म्हणत. मुका झालेला रेडिओ असो की अडलेला पंप, त्याने हात घातला की चालू होई. एकदा नव्या कारकुनाने त्याच्या पगाराचा चेकच ‘श्री. हातगुणे’ या नावाने काढला. चेक बँकेतून परत आला तेव्हा हँगर आठवडाभर हसत होते. तोही हसला, पण मनातून त्याला ते नाव आवडे. बायकोच्या आजारपणात त्याच्या हाताला काही यश आले नव्हते. निदान यंत्रांपुरता तरी गुण शाबूत आहे, एवढाच त्याला आधार होता.

हे विमान त्याची सून चालवत असे. जिथे धड रस्ता नाही अशा गावांना ती औषधे आणि रक्ताच्या पिशव्या पोचवी. मुलगा जहाजावर, वर्षातला बराच काळ समुद्रात. दोन खोल्यांच्या घरात सासरा आणि सून दोघेच. हँगरमध्ये थट्टा चाले, “सासू नाही म्हणून पोरगी सुटली म्हणावं, तर सासराच चाकाला चिकटलाय.”

दिवा पुन्हा रुसल्यावर एका सकाळी ती उभ्याउभ्याच चहा पीत होती.

“काल दिवा लागला होता का?” त्याने विचारले.

“कुठला?”

“डावा गं.”

ती कप हातात धरून तशीच थांबली. “बाबा, खरं सांगू? काल मी बघितलंच नाही. दोन लागले. तिसऱ्याचं काय, नेहमीचंच म्हणून सोडून दिलं.”

“सोडून दिलंस?”

“रागावू नका. तुम्हीच म्हणालात ना, पाय पक्का असतो, दिवाच खोटारडा आहे.”

तो रागावला नाही. दिवा खोटे बोलतो तोवर ठीक होते. ज्या दिवशी पाय खरोखरच अडकणार नाही, त्या दिवशीही दिवा असाच काळा राहील, आणि ही नेहमीचेच म्हणून उतरेल.

“उद्या जायचंय ना?”

“डोंगरापलीकडे. रक्त न्यायचंय.”

“आज सापडलं नाही तर उद्या जायचं नाही.”

“ते मालकांना सांगा, बाबा. मला सांगून काय उपयोग?”

हँगरमध्ये विमान जॅकवर चढवले होते, चाके जमिनीपासून वीतभर वर. इन्स्पेक्टरबाई आत वैमानिकाच्या जागेवर बसल्या. त्यांच्या सहीशिवाय विमान बाहेर पडत नसे आणि कामाशिवाय शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे. मालकही आले होते.

“हातगुणे, एकदा हात फिरवा आणि मोकळं करा. तुमच्या हाताखालून गेलं की मी डोळे मिटून पाठवतो.”

बाईंनी पाय आत घेतले, पुन्हा बाहेर काढले. “पाय खाली. डावा दिवा नाही.”

त्याने चाकाच्या पोकळीत हात घातला. स्विच नीट दिसावा म्हणून तारांची जुडी नेहमीसारखी बाजूला दाबून धरली.

“लागला,” बाई आतून म्हणाल्या.

“बघा! याला म्हणतात हातगुण!” मालक खूश झाले.

तोही सवयीने हसला आणि त्याने हात काढला.

“गेला.”

त्याने पुन्हा हात घातला. “लागला.” काढला. “गेला.”

बाई खाली उतरल्या. “मागे स्विच बदलून तपासलंत, तेव्हा हात कुठे होता?”

त्याने चाकाच्या पोकळीकडे पाहिले.

“आतच ना?”

“आतच. जुडी धरल्याशिवाय स्विच दिसत नाही.”

“मग विमान दुरुस्त झालंच नव्हतं. तुम्ही ते धरून ठेवलं होतंत.”

त्याने स्विचजवळची तार सुटी करून मीटर लावला. पूर्ण बारा व्होल्ट.

“तार तर ठणठणीत आहे!” मालक म्हणाले.

“मीटरला भूक नसते, साहेब. तांब्याचा एक धागा शाबूत असला तरी त्याला पूर्ण बारा दिसतात. तारेला ओझं दिलं की कळेल.”

बाहेर इंधनाची गाडी उभी होती. त्याने ड्रायव्हरकडे इंडिकेटरचा बल्ब मागितला.

“आणि मी वळताना काय करू? हात दाखवू?”

“तुझ्या मागून कोण येणार आहे? दे इकडे.”

बल्ब तारेला जोडला. तो साधा लालही झाला नाही, आणि मीटरचा आकडा धाडकन खाली आला. पाय दुमडतो तिथे, गुडघ्याजवळ, त्याने जुडी उचलून धरली. बल्ब लख्ख पेटला. सोडली, विझला. त्याने तारेचे आवरण चिरले. वरून धड दिसणाऱ्या आवरणाच्या आत तांब्याचे धागे वाकून वाकून तुटले होते. एक तेवढा कसाबसा टेकला होता.

“सापडलं की नाही? शेवटी हातगुण तो हातगुणच!”

“साहेब, ह्या हातानंच तर लपवलं होतं.”

नवी तार घातली, गुडघ्याजवळ तिला थोडी ढील ठेवली. मग तो दूर भिंतीशी जाऊन दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला. बाईंनी पाय आत-बाहेर, आत-बाहेर केले. दुपार कलेपर्यंत दिवा एकदाही चुकला नाही. बाईंनी सही केली आणि कागद त्याच्यापुढे धरला. त्याने लगेच पेन घेतले नाही.

“बाई, माझी आधीची कामं?”

“कुठली?”

“जिथं दिवा लागताना माझा हात आत होता, ती.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “पुन्हा उघडावी लागतील. आठवतात सगळी?”

“सगळी नाही.”

दुसऱ्या दिवशी सून गेली आणि परत आली. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाली, “आज डावा आधी बघितला, बाबा. मग बाकीचे.” तो “बरं केलंस” म्हणाला आणि ताटे घ्यायला उठला.

तेव्हापासून शेवटच्या तपासणीला तो यंत्राला हात लावत नाही. दुसऱ्याला बघायला सांगतो आणि बाजूला उभा राहतो. हातगुणे म्हटले की ओ देतो, हसत मात्र नाही. आठवली तेवढी जुनी कामे त्याने बाईंसमोर उघडली. एकात तसाच टेकलेला धागा निघाला. बाकीची ठीक होती. जी आठवली नाहीत, त्यांचे काही सांगता येत नाही.

ड्रायव्हरकडून घेतलेला बल्ब त्या तपासणीच्या दिवशीच जॅकखाली पडून फुटला. ड्रायव्हरने नवा साठ रुपयांना आणला. ते साठ रुपये अजून द्यायचे आहेत.