घाम गाळणाऱ्याची साखर

आमच्या लोहारखान्यात एकच शास्त्र चालायचं: भट्टीपाशी राबणाऱ्याला साखर होत नाही, ती घामावाटे निघून जाते. शास्त्र दादाचं, आणि माझ्या या थोरल्या भावाशी वाद घालायची कुणाची छाती? त्याचा हात जिभेआधी चालायचा. वडिलांचे डोळे साखरेनं गेले, म्हणून वहिनीनं "एकदा रक्त तपासा" म्हटलं, तर त्यानं ताट भिंतीवर भिरकावलं. मी तेच बोललो, तर माझे दोन दात पाडले. अजून राग येतो मला.

चौदा वर्षं त्यानं हातानं घण मारला. मग यंत्राचा घण आला. दादा स्टुलावर बसून पायानं पेडल दाबू लागला आणि त्याचं पोट सुटलं. घाम मात्र तेवढाच, कारण भट्टी तीच.

एका दुपारी लालभडक लोखंडाची कपची उडून त्याच्या बुटात शिरली. चामडं जळाल्याचा वास सुटला, धूर निघाला, तरी हा गडी आपला पेडल दाबतोच आहे! मी त्याला खाली ओढलं. मी अंगावर धावलो असं वाटून त्यानं सांडशी माझ्या खांद्यावर हाणली. रक्त गळत असतानाच मी त्याचा बूट कापला. दोन बोटं कोळशासारखी झाली होती.

"दुखत कसं नाही रे?" दादा म्हणाला.

डॉक्टरांनी साखर सांगितली, तेव्हा त्यानं त्यांची कॉलर धरली. "चहासुद्धा बिनसाखरेचा पितो मी!"

"नुसतं गोड खाऊन होत नाही ती," कॉलर सोडवत डॉक्टर म्हणाले. "वडिलांना होती. पोट सुटलंय, सिगारेट आहे, सहा वर्षं बसून काम. घाम भट्टीनं काढला, तुम्ही हललात कुठे?"

ती दोन बोटं कापावी लागली. दुसरा पाय तरी शाबूत आहे का, हे बघायला डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तळव्यावर ठिकठिकाणी बोथट टाचणी टेकवली.

"टोचा की!" दादा म्हणाला. तोवर पाच वेळा टोचून झालं होतं.

"टोचलं की," डॉक्टर म्हणाले. दादानं चाचपडत माझा हात धरला. भीतीनं त्याचा तळहात ओला झाला होता.

"हे हळू करतायत. तू चिमटा घे. दातांचा राग काढ."

मी सगळा जीव एकवटून त्याच्या पायाच्या अंगठ्याला कडाडून चिमटा घेतला. नखं आत रुतली.

डोळे मिटून दादा वाट बघत होता. "घे ना रे," तो म्हणाला, "घाबरतोस काय?"